ताऱ्याचं भरती-विदारण

दीर्घिकेच्या मधोमध बसलेल्या महाकाय कृष्णविवराच्या फारच जवळ तारा गेला की त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूवरची ओढ इतकी कमीजास्त होते की तारा फाटतो, साधारण निम्मा माल बाहेर फेकला जातो, उरलेला विवराभोवती फिरून तापतो आणि तो उजेड काही महिने दिसतो. हेच भरती-विदारण, इंग्रजीत 'टायडल डिसरप्शन'. 'टायडल'ला 'भरती' म्हणणं बरोबर आहे, फक्त आपल्या कराड-पाटणच्या माणसाला कुंभार्ली घाट उतरल्याशिवाय भरती बघायला मिळत नाही, त्यामुळं शब्द जरा परका वाटतो.

कल्पना १९७५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ हिल्स यांच्याकडं जाते, पण उजेडाचा नीट हिशोब रीस (१९८८) आणि फिनी (१९८९) यांचा धरतात: विवराकडं परत पडणारा माल वेळेच्या उणे ५/३ घातानं कमी होत जातो, आणि उजेडही तसाच. प्रत्यक्षातली पहिली घटना कुठली यावर एकमत नाही, बहुतेक जण १९९०-९१ च्या रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण पाहणीत सापडलेल्यांकडं बोट दाखवतात.

ओळखायचं कसं, तर उजेड दीर्घिकेच्या अगदी केंद्रात हवा, रंग निळा हवा आणि तापमान महिनोन्‌महिने वीस-तीस हजार केल्विनच्या आसपास टिकायला हवं, सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्वतःचा स्फोट, तसा टिकत नाही, थंड होत लाल पडतो. वर्णपटात हायड्रोजन, हेलियमच्या रुंद रेषा दिसतात. खरी गोची असासन-१५एलएचची. २०१५ ला सापडलेला हा स्फोट आधी आजवरचा सगळ्यात तेजस्वी सुपरनोव्हा म्हणून छापून आला, मग २०१६ च्या शेवटी लेलूदास आणि मंडळींनी तो फाटलेला तारा ठरवला. अडचण अशी की तिथलं विवर १० कोटी सूर्यांपेक्षा जड, आणि एवढं विवर सूर्यासारखा तारा फाडायच्या आधीच अख्खा गिळतं, जोरात स्वतःभोवती फिरणारं विवर मात्र एवढं जड असूनही तारा फाडू शकतं, म्हणून ते तसं फिरतंय असं मानावं लागतं. वाद मिटलेला नाही, पण जागा केंद्राजवळची आणि अतिनील उजेड काही आठवड्यांनी परत वाढला, हे बघता फाटलेल्या ताऱ्याचं मत जास्त पटतं.

एका दीर्घिकेत हे १० हजार ते १ लाख वर्षांत एकदा होतं, म्हणून लाखो दीर्घिकांवर रोज नजर ठेवणाऱ्या दुर्बिणी लागतात. कास पठारावरच्या अंधारात कितीही डोळे ताणा, नुसत्या डोळ्यांना नाय दिसायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सापडलेल्या एटी २०२२ सीएमसी या अशाच घटनेत विवराजवळून निघालेला झोत थेट आपल्याकडं होता, त्याच्या निरीक्षणात लडाखमधल्या हानलेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होती. अशा काही फाटलेल्या ताऱ्यांचा रेडिओ उजेड मात्र दोन-तीन वर्षांनी वाढतो.