औषध तयार आहे, पेशीत पोचवायचं कसं?

१९९९ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात जनुकोपचाराच्या चाचणीत एक अठरा वर्षांचा तरुण चार दिवसांत दगावला. त्याला यूरिया चक्राचा जन्मजात आजार होता. प्रथिनांपासून तयार होणाऱ्या अमोनियाचा निचरा त्याच्या यकृताला नीट जमत नव्हता. योग्य जनुक विषाणूत घालून यकृतात सोडलं होतं, पण त्या विषाणूवरच शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडली.

२०२५ मध्ये त्याच शहरात, त्याच चक्रातल्या दुसऱ्या बिघाडासाठी एका तान्ह्या बाळावर उपचार झाले. सुमारे तेरा लाखांत एखाद्यालाच होणारा हा आजार. किरण मुसुनुरू आणि रिबेका अहरेन्स-निकलस यांच्या चमूने त्या बाळाच्या जनुकातली नेमकी चूक दुरुस्त करणारं औषध सहा महिन्यांत घडवलं. वाहन या वेळी विषाणूचं नव्हतं, चरबीच्या नॅनोकणांचं होतं. म्हणूनच डोस एकदाच देऊन थांबावं लागलं नाही, तीनदा देता आला. ३०७ दिवसांनी बाळ घरी गेलं.

हे कण बनताना पाहणं मला फार विलक्षण वाटतं. पीएचडीचे विद्यार्थी हे काम रोज करतात. एका नळीतून अल्कोहोलात विरघळलेले चार स्निग्ध पदार्थ येतात, दुसरीतून आम्लधर्मी पाण्यातला आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची कृती सांगणारा रेणू. चिपमधल्या केसासारख्या बारीक वाटेत दोघांची गाठ पडते, अल्कोहोल पातळ होतं आणि पाण्यापासून अंग चोरणारी चरबी आरएनएभोवती गोळा होते. बाहेर येणारा द्रव तांदळाच्या पातळ धुवणासारखा दिसतो. त्यातला एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास.

खरी कसोटी पेशीत शिरल्यावर लागते. पेशी कणाला एका पिशवीत गिळते आणि आतलं पाणी आंबट करत नेते. तिथेच चरबीतला मुख्य घटक धनभारित होतो, पिशवीचं आवरण फाडतो आणि आरएनए बाहेर पडतो. रक्तात मात्र तोच घटक जवळजवळ भाररहित असतो, त्यामुळे वाटेत उपद्रव कमी. पण पिशवीतून सुटका होते ती शेकड्यात एक-दोन रेणूंचीच. बाकी सगळं वाया. हा आकडा वाढवणं, हेच कित्येकांच्या प्रबंधाचं सूत्र आहे.

दुसरी अडचण पत्त्याची. रक्तातलं एपीओई हे प्रथिन कणाला चिकटतं आणि त्याला थेट यकृताच्या दारात नेतं. यकृताच्या आजारांना हे वरदानच! फुप्फुसं, स्नायू, मेंदू यांच्या दुर्मीळ आजारांचं काय? २०२० मध्ये टेक्सासमधल्या डॅनियल सीगवार्ट यांच्या गटाने कणात पाचवा स्निग्ध घटक घातला. तो धनभारित असला तर उंदरात कण फुप्फुसाकडे वळले, ऋणभारित असला तर प्लीहेकडे.

पत्ता तपासायची रीतही सुरेख आहे. आरएनएत काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाची कृती भरतात आणि उंदराचे अवयव अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्याखाली मांडतात. बहुतेकदा यकृतच उजळतं. एखाद्या दिवशी ते काळं राहून शेजारचं फुप्फुस चमकलं, की तोच प्रयोग लगेच पुन्हा लावायची घाई होते.