पोर्ट्रेट, प्रिंट की भिंतचित्र? ऑर्डर देण्याआधी वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "दादा, याचं मोठं करून किती होईल?" फोटो बहुधा आजी-आजोबांचा असतो, कधी नव्या बाळाचा, कधी सोसायटीच्या भिंतीवर काढायच्या शिवाजी महाराजांचा. दर सांगायला दोन मिनिटं लागतात. पण त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी आणि ती ठरवण्यासाठी आम्ही तुमच्यासोबत अर्धा तासही आनंदानं बसतो. हा चेहरा हातानं रंगवायचा, छापून घ्यायचा, की भिंतीवर काढायचा? एकाच फोटोवरून तिन्ही होतं, पण तिन्हीची मेहनत वेगळी, आयुष्य वेगळं आणि काळजीही वेगळी.

हे समजावताना गेली काही वर्षं आम्ही एका अमेरिकन चित्रकाराची चित्रं दाखवतो. नाव चक क्लोज. जन्म १९४० चा, वॉशिंग्टन राज्यातल्या मन्‍रो गावचा. २०२१ मध्ये वारला. आयुष्यभर त्यानं जवळजवळ एकच विषय धरला, माणसाचा चेहरा. तोही बहुतेक ओळखीच्यांचा: घरचे, मित्र, सोबतचे चित्रकार. तेच चेहरे त्यानं कॅनव्हासवर काढले, छापले, कागदाच्या लगद्यातून घडवले आणि शेवटी रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर चढवले. आमच्या धंद्यातले तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या कामात बघायला मिळतात, म्हणून तो आम्हाला जवळचा वाटतो.

फोटो मोठा कसा होतो

माझे वडील नाशिकमध्ये सिनेमाचे बॅनर रंगवायचे. हातात पोस्टकार्डाएवढा फोटो आणि समोर वीस फुटांचं कापड. फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, कापडावर दोरी मारून तेवढेच मोठे चौकोन, आणि मग एकेक घर भरत जायचं. नाकाच्या घरात नाक, भुवईच्या घरात भुवई. हिशेब सरळ आहे. चार बाय सहा इंचाचा फोटो आठ बाय बारा फुटांच्या भिंतीवर न्यायचा म्हणजे चोवीस पट. फोटोवर पाव इंचाचा चौकोन, भिंतीवर सहा इंचांचा. अशी ३८४ घरं होतात. आजही आमच्याकडे भिंत अशीच आखली जाते. प्रोजेक्टर आहे, पण रस्त्यालगतच्या भिंतीवर दिवसाउजेडी त्याचा उपयोग नसतो.

क्लोजनं हीच रीत धरली. १९६७-६८ मध्ये त्यानं स्वतःचंच पोर्ट्रेट काढलं, सुमारे नऊ फूट उंच आणि सात फूट रुंद, फक्त काळ्या-पांढऱ्यात. विस्कटलेले केस, जाड फ्रेमचा चष्मा, ओठात सिगारेट. १९६९ मध्ये मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनं ते घेतलं. या चित्रातली एक गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला दाखवतो. कॅमेरा जवळ असला की डोळे लख्ख येतात आणि कान थोडे धूसर होतात. क्लोजनं तो धूसरपणाही तसाच्या तसा रंगवला, कारण तो समोरच्या फोटोत होता.

आता हे तुमच्या ऑर्डरशी कुठे जुळतं ते बघा. फोटोत जे नाही ते चित्रकार मनानं भरतो, आणि तिथेच "आजी अशा नव्हत्या हो" हे ऐकावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एक ताई त्यांच्या आजींचा फोटो घेऊन आल्या. आधार कार्डावरचा, नखाएवढा. आम्ही पोर्ट्रेट केलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण ही आजी नाही." मग त्यांनी घरून लग्नातला ग्रुप फोटो आणला. त्यात आजींची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर होती आणि कुंकू कपाळाच्या मध्यापासून थोडं सरकलेलं, घाईत लावल्यासारखं. दोनच गोष्टी. त्या बदलल्या आणि ताईंनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून आम्ही किमान तीन फोटो मागतो. काम एकाच फोटोवरून होतं, बाकीचे चेहरा ओळखीचा व्हायला लागतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो आकसतो आणि डोळ्यांतली चमक, जी आम्हाला सगळ्यात जास्त हवी असते, तीच जाते.

प्रिंट म्हणजे झेरॉक्स नव्हे

'प्रिंट' शब्दाचे दोन अर्थ बाजारात मिसळून गेलेत, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

एक प्रिंट म्हणजे तयार चित्राचा फोटो काढून मशीनवर छापलेली प्रत. ती चांगली असू शकते. पिगमेंट शाई आणि अ‍ॅसिड-फ्री कागद असेल तर घरात वर्षानुवर्षं टिकते. दुसरा प्रकार म्हणजे चित्रकारानं छपाईसाठीच घडवलेलं चित्र. त्यासाठी लाकडाचा ठसा कोरतात, तांब्याचा पत्रा किंवा लिथोचा, म्हणजे दगडावरून छापायच्या रीतीचा, दगड तयार करतात, नाहीतर शाई आरपार जाऊ देणारी जाळी, म्हणजे स्क्रीन, उजेडावर तयार करतात. त्याआधी 'मूळ चित्र' कुठेच नसतं. छापलेला प्रत्येक कागद हाच मूळ. म्हणून त्यावर पेन्सिलीनं सही असते आणि ७/५० असा आकडा असतो, म्हणजे पन्नास प्रतींतली सातवी. नाशिकरोडच्या प्रेसमुळे नोटेवरच्या नंबराचं महत्त्व आपल्या गावाला वेगळं सांगायला नको.

१९७२ मध्ये क्लोजनं कॅलिफोर्नियातल्या क्राउन पॉइंट प्रेसमध्ये कीथ नावाच्या मित्राचा चेहरा मेझोटिंटमध्ये केला. या रीतीत पत्रा आधी सगळीकडून खरखरीत करतात. तसाच छापला तर मखमलीसारखा काळा ठसा उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. क्लोजही घराघरानंच पुढे सरकत होता आणि मध्ये मध्ये ठसा काढून बघत होता. पत्रा दाबाखाली जितक्या वेळा जातो तितका झिजतो, त्यामुळे आधी केलेला भाग फिकट पडला आणि चौकोन दिसायला लागले. त्यानं ते झाकले नाहीत. पुढे त्याच्या चित्रांत चौकोन उघडपणे येऊ लागले ते या प्रिंटनंतर. एका छापखान्यातल्या झिजलेल्या पत्र्यानं त्याची चित्रकला बदलली, हे आम्हा छपाईवाल्यांना फार मोलाचं वाटतं.

रंगीत चेहऱ्यांसाठी तर त्यानं छपाईचीच पद्धत कॅनव्हासवर आणली. निळा, किरमिजी आणि पिवळा असे तीनच रंग एकावर एक पातळ थरांत. आमच्या मशीनमध्ये याच तीन शाया असतात, सोबत काळी. उलट २००२ मध्ये एका बाळाच्या चेहऱ्याचा 'एमा' नावाचा लाकडी ठशांचा प्रिंट जपानी पद्धतीनं झाला, त्याला ११३ रंग लागले. ग्राहक विचारतात, स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाचे पैसे वेगळे का? प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी, ती आधीच्या रंगावर केसभरही न हलता बसवावी लागते आणि एक वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही. चार रंगांत चेहरा बसवायला जे कसब लागतं, त्याचे ते पैसे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. घरोघरच्या देवघरात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती आहेत. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्यांच्या प्रेसमध्ये ही चित्रं लिथोच्या दगडांवरून, एकेका रंगाचा वेगळा दगड करून छापली गेली. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच कामात होते. अशी जुनी तसबीर घरात असेल तर फ्रेम फुटली म्हणून कागदासकट टाकून देऊ नका. आधी आम्हाला दाखवा. आम्ही मागचा पुठ्ठा काढून बघतो. तो पिवळट आणि ठिसूळ झाला असेल तर बदलतो, चित्राला हात लावत नाही.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाशिकच्या पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरतो, कागद काचेला चिकटतो, आणि मग सोडवताना चित्राचा पापुद्रा निघतो. माउंटचे पैसे वाचवू नका.

दुसऱ्याचं चित्र छापून देत नाही

नेटवरून एखाद्या चित्रकाराचं चित्र उतरवून "हे मोठं छापून द्या" असं कुणी म्हटलं तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. आपल्या कायद्यानं कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं छापायला हरकत नाही. क्लोजची नाही छापता येणार. तुम्ही स्वतः पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट मात्र, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमचं असतं. आमच्याकडून करून घेतलेल्या पोर्ट्रेटच्या प्रती तुम्ही कुठेही छापून घ्या, आम्हाला विचारायचीही गरज नाही.

हात थांबला तरी

डिसेंबर १९८८ मध्ये क्लोजच्या पाठीच्या कण्यातली रक्तवाहिनी निकामी झाली आणि शरीर लुळं पडलं. पुढे तो चाकाच्या खुर्चीत बसून, ब्रश हाताला बांधून रंगवू लागला. चौकोन कामी आले. प्रत्येक घरात गोल, थेंब, शंकरपाळ्याएवढे रंगाचे तुकडे. जवळून बघाल तर नुसती रंगीबेरंगी वळणं दिसतात, दहा पावलं मागे गेलात की चेहरा उभा राहतो. विशेष म्हणजे त्याला प्रत्यक्षात माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, तसा आजारच असतो. सपाट फोटोवरून काढलेला चेहरा मात्र त्याच्या डोक्यात पक्का बसायचा.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट लपवणं बरं नाही. २०१७ मध्ये पोझ द्यायला बोलावलेल्या काही स्त्रियांनी त्याच्या गैरवर्तनाचे आरोप केले आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं ठरलेलं प्रदर्शन पुढे ढकललं. चित्राच्या गुणानं ते पुसलं जात नाही. आमच्याकडे समोर बसवून स्केच करायचं असेल तर दुकानाचं दार उघडं असतं आणि सोबत घरचं कुणीतरी यावं, असा आमचा नियम आहे. मुलं आणि मुली, दोघांसाठी.

भिंत आधी बघू द्या

१ जानेवारी २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूची नवी भुयारी लाइन सुरू झाली. तिच्या ८६व्या रस्त्याच्या स्टेशनवर क्लोजचे बारा चेहरे आहेत, काही मोझेकमध्ये, काही सिरॅमिक टाइल्सवर. त्यात संगीतकार फिलिप ग्लास आहे. याच मित्राचा चेहरा त्यानं १९६९ मध्ये मोठ्या कॅनव्हासवर काढला होता आणि नंतर कितीतरी वेगवेगळ्या रीतींनी केला. जिथे रोज हजारो माणसं अंग घासून जातात तिथे त्यानं रंग वापरला नाही, फरशीचे तुकडे वापरले. जुन्या नाशिकच्या गच्च्यांवर चायना मोझेक असतं, ते किती उन्हाळे काढतं हे आपण बघतोच.

भिंतचित्राच्या ऑर्डरमध्ये म्हणूनच आम्ही चित्राआधी भिंत बघतो. आमच्या हातून झालेली चूक सांगतो. एका शाळेची नवी भिंत होती, कार्यक्रमाची तारीख ठरलेली, आणि गिलावा पुरता वाळण्याआधीच आम्ही रंगवायला घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात लोणा आला. सावित्रीबाईंच्या गालावर पांढरे डाग पडले आणि दिवाळीपर्यंत पोपडे निघाले. मुलं रोज ते बघत शाळेत जात होती. पैसे न घेता पुन्हा करून दिलं, पण ते डाग अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. आता गिलाव्याला किमान २८ दिवस झाल्याशिवाय प्रायमरही लावत नाही, मग उद्घाटन कुणाचंही असो.

भिंतीच्या डोक्यावरून पाणी मुरत असेल तर आधी ते बंद करून घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही झोडपतं; तिथे आम्ही बाहेरचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन आणि वरून संरक्षक कोट देतो, आणि फ्लुरोसंट रंग वापरत नाही, ते लवकर उडतात. काम दिवाळीनंतर सुरू करावं, मेअखेर संपवावं. सिंहस्थ जवळ आला की सगळ्यांनाच भिंती रंगवायच्या असतात, परांची मिळत नाही, म्हणून भिंत दाखवायला आधीच बोलवा. आम्ही रस्त्यापलीकडे उभं राहून बघतो. चेहरा वीस फुटांवरून वाचायचा की दुचाकीवरून जाताना, यावर तपशील किती भरायचा ते ठरतं.

आम्ही रविवार कारंजाजवळच्या गल्लीत आहोत. येताना फोटो आणा, पण जुन्या अल्बममधून ओढून काढू नका. चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्यावरच चीर जाते. अल्बमसकट आणा, आम्ही इथे तसाच स्कॅन करू.