नॉच संकेतमार्ग

नॉच संकेतमार्ग : एकमेकींना खेटून असलेल्या पेशींमधील संदेशवहनाची यंत्रणा. संप्रेरके रक्तातून दूरवर पोहोचतात. इथे निरोप देणारे आणि घेणारे अशी दोन्ही प्रथिने आपापल्या पेशीपटलात रोवलेली असतात, त्यामुळे निरोप सहसा शेजारणीपलीकडे जात नाही. पंखाच्या कडेला खाच असलेल्या फळमाश्यांवरून १९१०च्या दशकात टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ‘नॉच’ (म्हणजे खाच) या जनुकाचा माग लागला. जनुक प्रत्यक्ष हाती यायला १९८०चे दशक उजाडले. मानवात नॉचचे चार ग्राही (निरोप घेणारी प्रथिने) आहेत.

शेजारच्या पेशीवरचे डेल्टा किंवा जॅग्ड प्रथिन नॉचला चिकटते, पण नुसते चिकटून भागत नाही. निरोप देणारी पेशी आपले प्रथिन स्वतःच्या आत ओढू लागते. तो ताण जेमतेम काही पिकोन्यूटनांचा (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनाचा लाख कोटीवा भाग). तरी त्याने नॉचचा मिटलेला भाग उलगडतो आणि कापण्याची जागा उघडी पडते. तिथे एक विकर काप घेतो, मग गॅमा-सिक्रेटेज हे दुसरे विकर पटलाच्या आत दुसरा. सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो. कापलेला ग्राही पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे प्रत्येक निरोपाला नवा ग्राही खर्ची पडतो. एवढी उधळपट्टी पेशीव्यवहारात विरळाच.

एकच ग्राही वेगवेगळे निरोप ओळखतो कसा, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. कॅलटेक या अमेरिकी संस्थेतील मायकेल एलोविट्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले, की डेल्टाचा एक प्रकार (डीएलएल१) नॉच१ला (चार ग्राहींपैकी एकाला) थांबून थांबून चेतवतो, तर दुसरा (डीएलएल४) सलग. त्यामुळे चालू होणारी जनुकेही बदलतात. अर्थ निरोपाच्या लयीतही असतो, हे यातून कळले. त्याआधी, २०१६ मध्ये, वेंडेल लिम यांच्या गटाने नॉचची दोन्ही टोके बदलून ‘सिन-नॉच’ हा कृत्रिम ग्राही घडवला. तो बसवलेली टी-पेशी (रोगप्रतिकार करणारी पांढरी रक्तपेशी) ठरावीक खूण भेटली की ठरवून दिलेले जनुक चालू करते.

औषधांची वाट मात्र खडतर आहे. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच१मध्ये बिघाड असतो, हे २००४ मध्ये उघड झाले. पण गॅमा-सिक्रेटेज रोखले, की निरोगी पेशींमधला नॉचही थांबतो. गॅमा-सिक्रेटेज रोखणाऱ्या, अल्झायमरसाठीच्या सेमागासेस्टॅट या औषधाची चाचणी २०१० मध्ये बंद करावी लागली: स्मृती आणखी ढासळली, त्वचेचा कर्करोगही वाढला. त्याच वर्गातील निरोगासेस्टॅटला अमेरिकेत डेस्मॉइड गाठींसाठी (संयोजी ऊतीत वाढणाऱ्या, पण शरीरात इतरत्र न पसरणाऱ्या गाठी) २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही जुलाब आणि अंडाशयाच्या कार्यातील बिघाड हे दुष्परिणाम ठळक आहेत.