मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण 15 ते 16 तास लागतात, येताना बहुधा तासभर कमी. अंतर कायम असले तरी वेळ बदलत राहते. वारा कसा आहे आणि कोणत्या देशाच्या आकाशातून जाण्याची मुभा आहे, यावर ती ठरते.

भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरे पट्टीने जोडली, तर रेघ अरबस्तान आणि सहारावरून अटलांटिकमध्ये शिरते. त्या रेघेने गेल्यास 14,000 किलोमीटरहून जास्त उडावे लागेल. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा: तो कच्छ-सिंधवरून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंडचा दक्षिण भाग आणि नॉर्वे ओलांडतो, आइसलंड व ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग.

प्रत्यक्षात विमाने क्वचितच नेमकी या वाटेने जातात. मार्च 2022 मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले आणि युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून चालणारी आपली नेवार्क–मुंबई सेवा स्थगित केली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. त्याचा मोठा फटका दिल्लीच्या विमानांना बसला. अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. मुंबईची विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ शकतात, हा किनाऱ्यावरच्या शहराचा मोठा फायदा.

साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. न्यूयॉर्कहून येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात; जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक प्रामुख्याने यामुळेच.

वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून जमिनीवरचा खोळंबाही त्यात धरलेला असतो. मुंबईत हे विशेष जाणवते. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत.

घड्याळाचा हिशेब वेगळाच. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री दीडला मुंबईहून निघालेले विमान सोळा तासांनी पोहोचते, तेव्हा तिथे त्याच तारखेच्या सकाळचे सात वाजलेले असतात. येताना मात्र तारीख एकाने पुढे जाते.

एअर इंडियाने 14 मे 1960 रोजी बोइंग 707 विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्क सेवा सुरू केली. तिचे मुंबईहून न थांबता जाणारे विमान आले ते 2007 मध्ये, लांब पल्ल्याच्या बोइंग 777 मुळे.

न्यू जर्सीत मुलांकडे निघालेले वडीलधारे थेट विमान पसंत करतात, कारण मध्ये विमान बदलावे लागत नाही. दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम चार-साडेचारशे किलोमीटरने वाढते, म्हणजे अर्ध्या तासाचे उड्डाण. बाकी सगळा जादा वेळ पुढच्या विमानाची वाट पाहण्यात आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत जातो.