पॉवर स्टिअरिंग पंप बदलणे

मोटारगाडीच्या द्रवचालित सुकाणू यंत्रणेतील निकामी पंप काढून त्याजागी नवा किंवा दुरुस्त केलेला पंप बसविण्याची कृती. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारा पंप असलेल्या बऱ्याच गाड्यांत हे काम घरच्या हत्यारांनी आणि एका खास ओढकाने (पुलरने) होऊ शकते. निव्वळ विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या सुकाणूत असा पंप नसतो. तशी यंत्रणा १९८८ मध्ये सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत आली आणि पुढे प्रवासी गाड्यांत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे प्रवासी गाड्यांपुरते पाहिल्यास पंप बदलण्याचा प्रसंग आता मुख्यतः जुन्या गाड्यांच्या मालकांवर येतो.

उगम : पॉवर स्टिअरिंगचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. १८७६ च्या सुमारास फिट्स नावाच्या व्यक्तीने अशी यंत्रणा वापरल्याचा उल्लेख अनेक संकलनांत आढळतो. पण तो एकावरून दुसऱ्याने उतरवून घेतलेला दिसतो. पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्ड यांच्या १९०० सालच्या अमेरिकी एकस्वात (पेटंटात) चारही चाकांना गती देणाऱ्या यंत्रणेचा भाग म्हणून सुकाणूला यांत्रिक साहाय्य दिलेले आहे. १९०३ मध्ये कोलंबिया बनावटीच्या एका मालमोटारीत सुकाणूसाठी स्वतंत्र विद्युत् मोटार होती, असेही सांगतात. चालकाच्या हाताला मिळणारे कोणतेही साहाय्य म्हणजे पॉवर स्टिअरिंग, अशी व्याख्या घेतली तर यांपैकी कोणाचाही दावा मान्य करता येईल. मात्र ज्या यंत्रणेतला पंप बदलायचा आहे, तिची वंशावळ फ्रान्सिस डेव्हिस यांच्यापर्यंतच नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

डेव्हिस हे पिअर्स-ॲरो या अमेरिकी मोटार कंपनीतील अभियंते. नोकरी सोडून त्यांनी मॅसॅचूसेट्समधील वॉल्थॅम येथे प्रयोग केले व १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो गाडीवरच आपली यंत्रणा चालवून दाखविली. तेलाचा दाब सतत साठवून ठेवणाऱ्या यंत्रणा गळतात, ही तेव्हाची मुख्य अडचण होती. डेव्हिस यांनी झडप मध्यस्थितीत उघडीच ठेवली. सुकाणू सरळ असताना तेल नुसते फिरत राहते. सुकाणूचे चाक वळवले की झडपेची एक वाट अरुंद होते आणि तेवढ्यापुरता दाब चढतो. जनरल मोटर्सबरोबरचा त्यांचा करार १९३४ मध्ये खर्चाच्या कारणाने बारगळला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती वाहनांत यंत्रणेचा उपयोग झाला. सर्वसामान्य ग्राहकाला ती प्रथम १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये मिळाली, तीही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या एकस्वांचा आधार घेऊन.

पंपाची रचना : बहुतेक पंप पातीपंप (व्हेन पंप) असतात. लंबगोल पोकळीत फिरणाऱ्या चकतीच्या खाचांतून पाती बाहेर सरकून भिंतीला टेकतात व पुढ्यातले तेल ढकलतात. दाबाचे कप्पे समोरासमोर दोन असल्याने आसावरचा (शाफ्टवरचा) आडवा ताण परस्पर रद्द होतो. हा समतोल पंप १९२५ च्या सुमारास हॅरी व्हिकर्स यांनी सिद्ध केला. इंजिन मंद चालत असतानाच, म्हणजे गाडी लावताना, साहाय्य सर्वाधिक लागते. म्हणून पंप मंद गतीला पुरेल इतका मोठा करतात आणि वेग वाढला की जादा तेल आतल्या झडपेतून परत वळवतात.

बिघाड : सुकाणूचे चाक वळवताना गुरगुर किंवा कण्हल्यासारखा आवाज, सुकाणू जड होणे, आसाच्या सीलपाशी ओल. यांतला आवाज पंपाइतकाच तेल कमी झाल्याने किंवा टाकीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या शोषनळीतून हवा शिरल्यानेही येतो. टाकीतल्या तेलावर फेस दिसला, तर पंपाला दोष देण्याआधी नळीची पकड (क्लिप) आवळून पाहावी. चांगले पंप फुकट बदलले जातात ते इथेच. गळती शोधताना चालू इंजिनात दाबनळीवरून हात फिरवू नये. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीत शिरू शकते; हाताऐवजी पुठ्ठा धरावा.

कृती : तेल उपसून पट्टा उतरवतात, दोन्ही नळ्या सोडवून बोल्ट काढतात. पट्ट्याचा मार्ग आधी कागदावर काढून ठेवलेला बरा. खरा कस पुलीशी (पट्टा जिच्यावरून फिरतो त्या चकतीशी) लागतो. अनेक पंपांत ती आसावर नुसती घट्ट दाबून बसवलेली असते, तिला नट नसतो. आसाच्या टोकाला आटे पाडलेले भोक असते; ओढकाचा स्क्रू त्यात धरून पुली सरळ ओढून काढायची आणि नव्या पंपावर तशाच स्क्रूने सरळ दाबत न्यायची. हातोडीने ठोकल्यास आस मागे सरकून आतले भाग फुटतात. पुली जुन्याच खोलीवर बसली पाहिजे, नाहीतर पट्टा तिरका धावून किंचाळतो. दाबनळीच्या टोकाची ओ-रिंग (रबरी कडे), किंवा असल्यास बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशरे, नवी घालतात.

जुन्या पंपाचा धातूचा चुरा परतनळीत आणि टाकीच्या जाळीत राहतो. तो धुऊन काढला नाही, तर नवा पंप त्याच वाटेने जातो. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच हवे: कुठे एटीएफ (स्वयंचलित गिअरपेटीचे तेल), कुठे सीएचएफ ११एससारखे कृत्रिम तेल, होंडाच्या गाड्यांत त्यांचे वेगळेच. रंगावरून निवड करू नये.

हवा काढण्यासाठी पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर घेतात. इंजिन बंद ठेवून सुकाणूचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवतात व टाकीतली पातळी राखतात. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करायचे. तेल दुधाळ दिसले तर इंजिन बंद करून ते निवळू द्यावे. सुकाणूचे चाक टोकाला पाच सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास दाबमर्यादक झडप उघडी राहून तेल तापते.

काही जड वाहनांत ब्रेकला साहाय्यही याच पंपाकडून मिळते; तिथे इंजिन चालू केल्यावर ब्रेक दाबत-सोडत ती बाजूही हवामुक्त करावी लागते.