सैनिकांचं जहाज एकटं जायचंच नाही?

'दुसऱ्या महायुद्धात सैनिक नेणारी जहाजं कायम युद्धनौकांच्या पहाऱ्यातच जात,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. बहुतेक जहाजांबाबत ते खरंच होतं, म्हणून पटतंही.

पण सैनिक नेणारं ब्रिटिश प्रवासी जहाज 'क्वीन मेरी' घ्या. तिचा वेग २८ नॉटच्या पुढे (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी). जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर सुमारे १७ नॉट, पाण्याखाली जेमतेम ७. पाठलाग अशक्यच, उलट संथ ताफ्यात अडकली असती तर नेम सोपा. म्हणून अटलांटिकचा बराचसा पल्ला ती नागमोडी मार्गाने एकटीच कापी. जुलै १९४३च्या एका फेरीत तिच्यावर १६,६८३ माणसं होती!

किनाऱ्याजवळ मात्र सोबत मिळे. २ ऑक्टोबर १९४२ला सोबतीच्याच 'क्युराकोआ' या क्रूझरला (एक प्रकारची युद्धनौका) तिची धडक बसली. क्रूझर दुभंगून बुडाली.

पडताळायचं तर जहाजाचा नोंदलेला वेग पाणबुडीच्या वेगाशेजारी मांडा. दहा नॉटवाल्याला ताफा हवाच होता.