च ची भाषा आणि क्लिंगॉन

परवा तलावपाळीला भाचीला घेऊन गेले होते, तर ती आणि तिची मैत्रीण बाकावर बसून सुरू, "चायक चातेसख?" काय खातेस! आम्हीपण लहानपणी हेच बोलायचो, पहिल्या अक्षराच्या जागी च आणि ते अक्षर शेवटी. मग भाचीने विचारलं, "मावशी, ही खरी भाषा आहे का गं?"

खरं तर नाही, कारण व्याकरण सगळं मराठीचंच राहतं, फक्त अक्षरं इकडची तिकडे. सिनेमासाठी बनवलेल्या भाषांचं तसं नसतं. बाहुबलीतल्या कालकेयांची किलिकी घ्या, मदन कार्कींनी तिचे साधारण 750 शब्द आणि 40 व्याकरणाचे नियम बनवले, मी म्हणजे मिन आणि तू म्हणजे उलटं करून निम.

पण मला सगळ्यात आवडते ती स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळकथांमधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन. 1979 च्या सिनेमात तिची थोडीच वाक्यं होती, मग 1984 च्या तिसऱ्या सिनेमासाठी मार्क ऑक्रंड या भाषातज्ज्ञाने ती नीट उभी केली आणि 1985 ला डिक्शनरीच काढली. ऐकणाऱ्याला ती परग्रहावरची वाटायला हवी होती, म्हणून त्याने इंग्लिशमध्ये नसलेले आवाज मुद्दाम घेतले, आणि त्यातले दोन कुठले माहितीये? जीभ टाळूकडे वळवून म्हणायचे ड आणि ष! म्हणजे अमेरिकेतल्या माणसाला जे शिकायला कष्ट पडतात तो ड आपण डबा, डोसा, डोंबिवली म्हणताना दिवसभर वापरतो. ष मात्र आपण आता बोलताना श करून टाकतो, शाळेत बाई षटकोन म्हणायला लावायच्या तेवढाच.

वाक्यरचना पण तशीच. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता, आणि जगातल्या फार कमी भाषांमध्ये हा नेहमीचा क्रम असतो. आपला नेहमीचा क्रम "मी चहा घेतो" असला तरी बोलताना "चहा घेतो मी" सहज येतं ना, इंग्लिशमध्ये असं म्हणून बघा.

आता मेंदूचं. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून बनवलेली एस्पेरांतो, क्लिंगॉन, अवतार सिनेमातली नावी, गेम ऑफ थ्रोन्स मालिकेतल्या हाय व्हॅलिरियन आणि डोथ्राकी, यातली एखादी भाषा येणाऱ्या 44 जणांना स्कॅनरमध्ये झोपवून त्या भाषा ऐकवल्या. मातृभाषेला मेंदूचे जे भाग कामाला लागतात तेच इथेही लागले. कॉम्प्युटरचा कोड वाचताना मात्र मुख्यतः वेगळे भाग चालतात, हे त्याच लॅबने आधी दाखवलं होतं. म्हणजे भाषा हजार वर्षं जुनी असो की एका माणसाने टेबलावर बसून बनवलेली, तिच्यातून माणसं, वस्तू, भावना याबद्दल बोलता आलं की मेंदू तिला भाषाच धरतो, मला हे फार भारी वाटतं.

भाचीला सांगितलं, क्लिंगॉनमध्ये आईला षोष म्हणतात. रिक्षात बसेपर्यंत तिने त्याची च ची भाषा करून टाकली, आणि घरी दार उघडल्या उघडल्या ओरडली, "चोषष!"